चित्रकला येत नाही, मग ॲपचं डिझाइन शिकता येईल का?

प्रश्न : बी.कॉम. करून सहा वर्षं अकाउंट्समध्ये आहे. ॲपचं डिझाइन शिकायचंय, पण चित्रकला येत नाही आणि क्लासची फी झेपत नाही. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे चार व्हिडिओ पाहिले, पुढे काय ते कळेना. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, चित्रकलेवाचून काही अडत नाही. चौकोन, रेघ आणि अक्षरं जमली की पुरे. फिग्माही तूर्त बाजूला ठेवा. त्याचं फुकटातलं खातं शिकण्यापुरतं भागवतं आणि हात लवकर बसतो. माणूस नेमका कुठे अडतो हे दिसायला मात्र वेळ लागतो.

पहिल्या नोकरीत मी एका दवाखान्यासाठी नंबर लावायचं ॲप केलं होतं. ऑफिसात सगळ्यांना आवडलं. मग परळला मावशीच्या हातात फोन दिला. शेवटच्या पानावर ती थांबली. फिकट राखाडी बटण, त्यावर पांढरी अक्षरं. तिला वाटलं, हे बटण बंद आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा, हा वेबचा मान्य नियम मी पाळलाच नव्हता. त्यातून ‘पूर्ण करा’मधला रफार वर आणि ऊकार खाली कापला गेलेला, कारण बटणाची उंची मी इंग्रजी अक्षरांवर बेतली होती. मावशी बोट अधांतरी धरून बसली. मला राहवलं नाही, ‘अगं, दाब ना ते’ म्हणाले. तिने दाबलं, आणि ती एकटी असती तर काय करती, हे मला कधीच कळलं नाही. तेव्हापासून कुणी वापरत असताना मी गप्प बसते.

तुम्हीही तेच करा. डोंबिवली स्टेशनवर एटीव्हीएमपाशी, म्हणजे स्वतः तिकीट काढायच्या यंत्रापाशी, अर्धा तास उभ्या राहा. बोट कुठे थांबतं, लोक मागे कधी जातात, शेजारच्याला काय विचारतात, वहीत लिहा. हिशेबातली चूक हुडकणारी तुमची नजर इथे कामाला येईल. मग त्या यंत्राचे तेच स्क्रीन कागदावर नव्याने काढा आणि पाच जणांपुढे ठेवा. पाच माणसांत बहुतेक अडचणी उघड्या पडतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली लिहिलं. माझा अनुभवही तोच. पाचांत घरातलं एक वयस्कर माणूस असू द्या.

जमलं तर पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाने केलेला मोबाइलचा स्वरचक्र कीबोर्ड पाहा. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याच्या बाराखडीचं चक्र उघडतं. ही कल्पना आपल्या लिपीतूनच सुचलेली आहे.

एवढं होईपर्यंत क्लासला पैसे भरू नका. आणि वहीतली खाडाखोडीची पानं जपून ठेवा. नव्या मुलांच्या मुलाखती घेताना मी आधी तीच मागते.