साडेतेहतीस इंची जागा आणि सहाशे डॉलरचा हप्ता

अमेरिकेत क्लीव्हलँडजवळ राहणाऱ्या एका वाचकाने स्टॉर्म डोअरविषयी पत्र लिहिले आहे. आपल्याकडे फ्लॅटच्या मुख्य दाराबाहेर सेफ्टी डोअर असते, त्याच जागी तिकडे थंडीवाऱ्यासाठी ॲल्युमिनियमच्या चौकटीचे काचेचे दार लावतात. त्यांचे घर 1920 च्या दशकातले असल्यामुळे दाराची जागा 33½ इंच रुंद आणि 82½ इंच उंच आहे, आणि दुकानातले कोणतेही तयार दार तिथे बसत नाही. मापाप्रमाणे बनवलेल्या दाराचे बसवण्यासह 1,450 डॉलर सांगितले आहेत. हा खर्च गॅसच्या बिलातून तीन वर्षांत वसूल होईल, असे विक्रेता म्हणतो. तर गणेशोत्सवात ओळख झालेले त्यांचे विमा एजंट म्हणतात, की बँकेला व्याज देण्यापेक्षा पॉलिसीतून कर्ज काढा. हे कर्ज काढावे का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

दाराचे आधी उरकतो. तयार दारे साधारणपणे 30, 32, 34 आणि 36 इंच रुंदीची आणि 80 ते 81 इंच उंचीच्या जागेत बसणारी मिळतात. आपल्या जागेत 34 इंची दार जाणार नाही, आणि ॲल्युमिनियमचे दार लाकडासारखे रंधून लहानही करता येत नाही. मात्र जागा लहान करता येते. अमेरिकेत एक इंची म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाडीची असते आणि दोन इंची म्हटलेली दीड इंच. दोन्ही बाजूंना पाऊण इंची पट्ट्या आणि वर दीड इंची पट्टी ठोकली, की बरोबर 32 बाय 81 ची जागा उरते. तयार दार, प्रायमर मारलेल्या पट्ट्या आणि सुताराची मजुरी धरून सारे 700 डॉलरच्या आसपास आटोपावे. जुन्या घराची चौकट काटकोनात क्वचितच असते, म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप धरावे.

तीन वर्षांत वसुलीचे मात्र विसरावे. आपले गॅसचे वार्षिक बिल 1,800 डॉलर आहे. तीन वर्षांत 1,450 परत यायचे तर दरवर्षी 480 वाचले पाहिजेत, म्हणजे संपूर्ण घर तापवण्याच्या खर्चाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग एका दारातून वाया जात असला पाहिजे. आतले मूळ लाकडी दार जुने पण धड असेल, तर बाहेरचे दार लावणे योग्यच आहे. ते वारा अडवण्यासाठी आणि आतल्या दाराच्या रक्षणासाठी लावावे, गुंतवणूक म्हणून नव्हे. त्या दारावर रोज काही तास थेट ऊन येत असेल, तर पूर्ण काचेचे दार टाळावे, कारण दोन दारांमध्ये कोंडलेली उष्णता आतल्या दाराला बाधते.

आता कर्जाकडे वळतो, कारण पत्रातील खरी चिंतेची बाब तिथे आहे. आपण ज्याला "निवृत्तीची पॉलिसी" म्हणता, ती इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी आहे, म्हणजे शिल्लक रकमेवरील कमाई शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा. दरमहा 600 डॉलरप्रमाणे तीन वर्षांत आपण 21,600 भरले. विवरणपत्रात 16,000 दिसतात आणि ते आपलेच आहेत असे आपण धरले आहे. परंतु त्याच कागदावर खालच्या ओळीत 9,000 डॉलरचा सरेंडर आकार, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी सोडल्यास कापली जाणारी रक्कम, आहे. आपल्या हाती येणारी रक्कम 7,000 आहे. त्यातून 1,450 उचलले, तर त्यावर व्याज चढेल, आणि ते फेडेपर्यंत कुटुंबाला मिळणारी विम्याची रक्कम तितकी घटेल. आपलेच पैसे आपल्यालाच व्याजाने, याला सोय म्हणण्याचे धाडस एजंटच करू जाणे.

एजंटने 65 व्या वर्षापासून पुढची 25 वर्षे दरसाल 48,000 डॉलर करमुक्त मिळतील, असे छापून दिले आहे. वर्षाला 7,200 डॉलर, उरलेली 24 वर्षे, 6.5 टक्के दराने आणि एक सेंटही खर्च न कापता वाढवले, तरी सुमारे 3 लाख 90 हजार होतात. तोच दर पुढेही मिळत राहिला तरी त्यातून 25 वर्षे दरसाल 32,000 निघतात, आणि आजचे 7,000 मिळवले तरी आकडा फारसा हलत नाही. 32,000 च्या वरचे पैसे येतात ते केवळ एका गृहीतकातून: उचललेल्या कर्जाच्या व्याजापेक्षा पॉलिसीची कमाई वर्षानुवर्षे अधिक राहील. बाजार पडला तरी पॉलिसीची कमाई शून्याखाली जात नाही, हे खरे आहे. पण बाजार चढला तरी कमाईला वरून मर्यादा आहे, निर्देशांकातील कंपन्यांचा लाभांश आपल्याला मिळत नाही, आणि वयाबरोबर वाढणारा विम्याचा आकार शून्याच्या वर्षीही कापला जातो.

याहून मोठे नुकसान पत्राच्या शेवटी ओझरत्या वाक्यात आहे. निवृत्तीची सोय पॉलिसीत झाली म्हणून आपण 401-के मध्ये, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्ती बचत खात्यात, पगाराच्या फक्त 2 टक्के भरता. कंपनी 6 टक्क्यांपर्यंतच्या भरण्यावर निम्मी भर घालते. 95,000 च्या पगारावर ती 2,850 देण्यास तयार असताना आपण 950 घेता. दरवर्षी 1,900 डॉलर, म्हणजे त्या महागड्या दाराहूनही अधिक, आपण टेबलावर सोडून उठता, आणि मग 1,450 साठी व्याजाचा विचार करत बसता.

विमाही अपुराच आहे. पत्नी सध्या नोकरी करत नाहीत, दोन मुले लहान आहेत आणि या पॉलिसीचे 5 लाख डॉलरचे संरक्षण म्हणजे जेमतेम पाच वर्षांचा पगार. प्रकृती चांगली असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या 41 वर्षांच्या व्यक्तीला 10 लाखांचा 20 वर्षांचा टर्म विमा महिना 75 डॉलरच्या आसपास मिळतो. दुप्पट संरक्षण, आठव्या हिश्श्यात.

सरेंडर आकार वर्षागणिक कमी होतो, तेव्हा थांबा, असे एजंट सांगेलच. तो संपायला आणखी सात वर्षे असतील तर 9,000 वाचवण्यासाठी आपण 50,000 भरणार आहात. तरीही आज रागाच्या भरात पॉलिसी मोडू नये. आधी टर्म विम्याचा अर्ज करावा, वैद्यकीय तपासणी पार पाडावी आणि नवी पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी सोडावी. तोवर हप्ता थांबवल्यास शिल्लक रकमेतून संरक्षण किती महिने चालेल, हे एजंटला नव्हे तर विमा कंपनीला लेखी विचारावे. जुनी पॉलिसी सोडताना कर सल्लागाराला अमेरिकी कर कायद्याच्या 1035 कलमाखालील बदलाविषयी, म्हणजे जुनी पॉलिसी थेट दुसऱ्या योजनेत बदलून घेण्याविषयी, विचारावे, म्हणजे भरलेले 21,600 वजा हाती येणारे 7,000 असा 14,600 चा तोटा पुढच्या नफ्यासमोर वापरता येतो का ते कळेल.

401-के चा भरणा मात्र याच आठवड्यात 6 टक्क्यांवर न्यावा. वाढीव 4 टक्के म्हणजे महिना 317 डॉलर, तेही करापूर्वीचे. टर्म विम्याचे 75 त्यात मिळवले, तरी 600 मधील 200 हून अधिक उरतात. जुना हप्ता थांबला, की चार महिन्यांत 32 इंची दार, पट्ट्या आणि सुतार यांचे पैसे रोख जमतील. थंडी त्याआधी आली तर हे 700 बचत खात्यातून द्यावेत, पॉलिसीतून नव्हे.