तुला वाटेल ते दे

ताई,
मी ५२ वर्षांची, ठाण्यात राहते. दर थंडीत हलव्याचे दागिने करते. सोसायटीतल्या एका सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हौसेने करून दिले होते, तिथून ऑर्डरी सुरू झाल्या. आता पुणे, नागपूर, अगदी दुबईपर्यंत सेट जातात. अडचण अशी की सगळं एकाच नंबरवर चालतं. मैत्रिणी, नणंदा, माहेरचा ग्रुप आणि गिऱ्हाइकं, सगळी एकात एक. रात्री साडेअकराला कुणीतरी ‘ताई, बांगड्या झाल्या का’ म्हणून विचारतं. शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकला तर ‘इथे धंदा नको’, नाही टाकला तर ‘आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस’. आणि ओळखीची माणसं पैशाला कधी नीट नसतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने सुनेसाठी अख्खा सेट नेला आणि हातावर ५०० रुपये ठेवले. बाहेर तोच सेट मी १८०० ला देते. (मीच म्हटलं होतं, तुला वाटेल ते दे, पण माणसाला एवढं कळायला नको का?) तेव्हापासून मी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. आता तिला नातू झालाय आणि त्याच्या बोरन्हाणासाठी सेट हवाय असा तिचा मेसेज आलाय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. दुसरा नंबर घेऊन गिऱ्हाइकं वेगळी करावीत असं वाटतं. मैत्री आणि धंदा यांची सरमिसळ कशी थांबवू?
– एक वाचक, ठाणे

तुझ्या पत्रातल्या त्या कंसापाशी मी थांबले. बाकी सगळं तू सविस्तर लिहिलंस आणि जे मुळाशी आहे ते कंसात टाकलंस.

‘तुला वाटेल ते दे’ हे उत्तर आहे. कुणी विचारल्याशिवाय ते कुणी देत नाही. म्हणजे सेट नेताना तुझ्या मैत्रिणीने पर्स उघडून, तोंडाने विचारलं होतं, ‘किती द्यायचे गं?’ तिने तिचं काम केलं. आकडा सांगणं तुझं काम होतं, ते तू केलं नाहीस. आणि तिने अंदाजाने दिले ते कमी पडले म्हणून दोन वर्षं तिला शिक्षा देते आहेस. तिला अजून हेही माहीत नसेल की कशाची.

तिने अंदाज तरी कशावरून बांधायचा? तिला दिसला तो एक खोका. त्यात पांढरे दाणे, सोनेरी लेस आणि दोरा. साखर काय भावाने मिळते हे तिला माहीत आहे. मंद आचेवर परात ठेवून खसखशीवर, साबुदाण्यावर पाक थेंबाथेंबाने सोडत तासन्‌तास हात फिरवावा लागतो, तेव्हा कुठे दाण्याला काटा येतो, हे तिने कधी पाहिलंय? बोटांची टोकं भाजतात, हवा जरा दमट झाली की दाणे चिकट होतात, मग तो घाणा बाजूला काढावा लागतो. पुढे दाणे निवडायचे, मोठे हाराला, बारीक नथीला आणि बिंदीला, आणि एकेक दाणा दोऱ्यात गुंफत न्यायचा. मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, बांगड्या, जावयाचा हार आणि नारळ, सगळं मिळून किती रात्री जातात ते तुला माहीत. ते बाहेर फक्त आकड्यातून कळतं, आणि तो आकडा तू तिच्यापासून लपवलास.

नागपूरच्या ज्या बाईला तू आयुष्यात पाहिलेलं नाहीस, तिला तू सरळ सांगतेस: सेट १८०० चा, कुरिअर वेगळं, निम्मे आगाऊ. ती पैसे पाठवते, सेट पोचतो, ती फोटो पाठवते, दोघी खूश. तिच्याशी तू जितकी सरळ वागतेस तितकी शाळेपासूनच्या मैत्रिणीशी वागली नाहीस. मला या पत्रात गिऱ्हाइकांची बाजू अगदी ठीक दिसते. बिघडलंय ते मैत्रिणींच्या बाजूला, आणि बिघडवलंय तू.

हे तुला लागेल. पण हा संकोच कुठून येतो तेही मला ठाऊक आहे. आपण ज्या घरांत वाढलो तिथे उन्हाळ्यात पापड लाटायला शेजारणी पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. पैशाचा विषयच नव्हता, कारण फेड हाताने व्हायची. तुझी मैत्रीण तुझ्याकडे परत कसले दागिने करायला येणार आहे? तो जुना हिशोब इथे लागूच होत नाही, आणि नव्या हिशोबाचं तोंडाने बोलायची तुला लाज वाटते. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. त्याही शेजारणीच होत्या. पण तिथे लाटणावळ वजनावर ठरली: इतके किलो लाटले की इतके पैसे. त्याने कुणाचा शेजार तुटला नाही.

आता दुसऱ्या नंबरचं. घे, जरूर घे. व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप आपल्याकडे २०१८ पासून फुकट आहे, एकाच फोनवर घरचा नंबर आणि कामाचा नंबर दोन्ही चालतात. रात्री नऊनंतर आपोआप उत्तर जाईल अशी सोय त्यात आहे. ती लाव, म्हणजे साडेअकराच्या बांगड्या सकाळी बघता येतील. शाळेच्या ग्रुपवर लोक ‘धंदा नको’ म्हणत असतील तर तिथे टाकू नकोस, ते बरोबर आहेत. स्टेटसला टाक, ज्याला हवं तो विचारेल. हे सगळं एका दुपारचं काम आहे. शेजारच्या घरातलं कॉलेजातलं पोर तासाभरात करून देईल.

पण त्या अॅपमध्ये कॅटलॉग म्हणून एक भाग असतो. प्रत्येक वस्तूचा फोटो टाकायचा, खाली माहिती लिहायची, आणि किमतीचा एक रकाना. तो रकाना रिकामा ठेवला तरी चालतं. मला खात्री आहे, तू तो रिकामाच ठेवशील आणि खाली लिहिशील, ‘किमतीसाठी मेसेज करा’. मग मेसेज आला की आधी बघशील कोण आहे. परकी असेल तर १८००, सोसायटीतली असेल तर १५००, नणंदेची जाऊ असेल तर ‘बघू गं, आधी घेऊन तर जा’. दोन काय, चार नंबर घेतलेस तरी ही सरमिसळ सुटणार नाही. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्राने २०२० साली जे नियम केले, त्यातही विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी असंच आहे. ते मोठ्या दुकानांसाठी म्हणून सोडून देऊ नकोस, तुझ्यासारखीला त्याची जास्त गरज आहे.

म्हणून मी तुला एकच गोष्ट करायला सांगते. दर लिही. प्रत्येक फोटोवर, ठळक, सगळ्यांना दिसेल असा, आणि सगळ्यांना एकच. नणंदेला तोच, दुबईला तोच. तुझ्या पोटात गोळा येईल, पहिल्या दिवशी कुणीतरी ‘अगं बाई, एवढे?’ म्हणेलही. म्हणू दे. जिला परवडत नाही ती घेणार नाही, आणि नाही घेतलं तरी संक्रांतीला तिळगूळ द्यायला येईल. दर न सांगता दिलेल्या सेटनंतर कोण येईनासं होतं, ते तू अनुभवलं आहेस.

आणि कधी एखादीला फुकट द्यावंसं वाटलं तर आहेर म्हणून दे. ‘हा माझ्याकडून’ असं स्पष्ट सांगून, एक रुपयाही न घेता, आणि नंतर मनातही त्याची किंमत न मोजता. पूर्ण दर नाहीतर पूर्ण आहेर. ‘तुला वाटेल ते’ हा मधला प्रकार आजपासून बंद.

त्या जुन्या १३०० रुपयांचं काय? सोडून दे. ते मागायची वेळ सेट हातात देताना होती, ती तू घालवलीस. टोमणा म्हणूनही ते कधी काढू नकोस.

आता ज्या मेसेजला तू उत्तर देत नाहीयेस, त्याच्याकडे जरा नीट बघ. बाळांचे आयते सेट आता बाजारात सर्रास मिळतात. डिसेंबर सरत आला की दादरच्या दुकानांत मुकुट आणि बासऱ्या टांगलेल्या असतात. तुझ्या मैत्रिणीला लोकलने अर्धा-पाऊण तास. दोन वर्षं तू तिच्याशी तुटक बोलते आहेस, तरी नातवाच्या बोरन्हाणासाठी तिने तुलाच विचारलं. पैसे वाचवायला विचारलं असं तू मनात म्हणत असशील, तर मला ते पटत नाही. तुझ्याकडे सेट स्वस्त मिळतो हे तिला माहीतच नाही, कारण महाग किती तेच तू सांगितलेलं नाहीस. तिला वाटतं, तिने गेल्या वेळी रास्त पैसे दिले.

रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात, पण पोरंबाळं बोलवायची तर तिला तारीख ठरवावी लागेल, आणि ती तुझ्या उत्तरासाठी थांबली असणार. नवा नंबर, कॅटलॉग, सगळं नंतर. आज या एकाच नंबरवरून, गेल्या वर्षीच्या बाळाच्या सेटचा फोटो लावून तिला लिही:

‘नातवाचं अभिनंदन गं! उशिरा उत्तर देतेय, सॉरी. मुकुट, बासरी, हार, बाजूबंद आणि कंबरपट्टा, पूर्ण सेट ९०० रुपये. डोक्याचं माप पाठव, मुकुट त्यावर बेततो. तारीख कोणती धरली आहेस? मी सेट घेऊन स्वतः येते, बोरं-चुरमुरे लुटताना मला बाळाला बघायचंय.’