‘तत्त्वमसि’ : ‘ते तू आहेस’ की ‘तो तू आहेस’?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील ‘तत्त्वमसि’ या वाक्याचा अनुवाद ‘ते तू आहेस’ असा करावा की ‘तो तू आहेस’, अशी पृच्छा आहे. माझ्या मते ‘ते तू आहेस’ हाच पर्याय स्वीकारावा. मराठी कानाला तो खटकतो हे खरे. परंतु ही लिंगाची विसंगती मुळातच असल्यामुळे अनुवादकाने ती परस्पर मिटवू नये.

उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू याला नऊ वेळा जे ऐकवतो, ते वाक्य पुरते असे आहे: ‘स य एषोऽणिमैतदात्म्यमिदं सर्वं तत्सत्यं स आत्मा तत्त्वमसि श्वेतकेतो’. ‘आत्मा’ पुल्लिंगी, म्हणून त्याच्याआधी ‘स’ आला. मग श्वेतकेतूला उद्देशून बोलताना लगेच नपुंसकलिंगी ‘तत्’ का यावे? शंकराचार्यांच्या परंपरेत हे ‘तत्’ म्हणजे ‘सदेव सोम्येदमग्र आसीत्’ (‘बाळा, आरंभी हे सारे केवळ सत् होते’) या वाक्यात आधीच येऊन गेलेले ‘सत्’, म्हणजेच ब्रह्म. काही आधुनिक अभ्यासक मात्र ‘तत्’ला क्रियाविशेषण मानून ‘तसा तू आहेस’ असा अर्थ लावतात. ‘तो’ म्हटले की वाचक त्याचा संबंध थेट ‘आत्मा’शी किंवा ईश्वराशी जोडतो आणि हा सारा वाद त्याच्या दृष्टीआडच राहतो.

पदच्छेदाचा, म्हणजे सलग मजकूर कोठे तोडून शब्द वेगळे करायचे याचा, प्रश्न याहून बिकट आहे. हस्तलिखितांत शब्द सलग लिहिले जात, आणि ‘आत्मा’पुढे ‘अतत्’ आले तरी संधीनंतर उच्चार तोच राहतो. त्या आधारे जीव व ब्रह्म वेगळे मानणाऱ्या द्वैतवादी मध्वाचार्यांनी ‘अतत् त्वम् असि’, म्हणजे ‘ते तू नाहीस’, असा छेद केला आणि याच अध्यायातील दोरीने बांधलेल्या पक्ष्याच्या दृष्टान्तात पक्षी व त्याचा आधार वेगळेच असतात, याकडे बोट दाखवले. व्याकरणदृष्ट्या हा छेद निर्दोष आहे. तरीही त्याच वाक्यात आधी आलेला ‘ऐतदात्म्यमिदं सर्वम्’ (‘या सर्वांचा आत्मा तेच’) हा भाग आणि याच अध्यायातील, पाण्यात विरघळून वर, मध्ये, तळाशी सारखेच खारट लागणाऱ्या मिठाचा दृष्टान्त पाहता, मला अभेदाचा, म्हणजे ‘ते’ आणि ‘तू’ एकच असल्याचा, अर्थ प्रकरणाला अधिक जुळणारा वाटतो. अनुवादकाने आपला कौल द्यावा, पण मध्वांचा छेद तळटीपेत अवश्य नोंदवावा.

लेखनाबाबतही दक्षता हवी. ‘तत्वमसि’ असे एकच त लिहिल्यास ‘तत्’ हे पदच हरवते. आणि ‘तत्त्व’ हा मराठीतला रुळलेला शब्द समोर दिसल्याने ‘तू तत्त्व आहेस’ असाही अर्थ केला जातो. मराठी संतवाङ्मयात तत्पद, त्वंपद, असिपद अशी परिभाषा आहे. तिन्ही पदे सुटी वाचण्याची ही सवय अनुवादकाने मोडू नये.