इम्पोर्ट करण्याआधी वर्डमध्येच साफसफाई करा

वर्डमधली कादंबरी स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर परिच्छेद विस्कटले, म्हणून एकेक ओळ हाताने नीट करत बसू नका. दोष बहुतेक वेळा मूळ फाइलमध्येच असतो.

वर्डमध्ये होम टॅबवरचं ¶ बटण दाबा. कुठे टॅब मारलाय, कुठे रिकामे एंटर आहेत, सगळं दिसेल. मूळ फाइल तशीच ठेवून पुढचं काम तिच्या प्रतीवर करा.

पहिलं काम प्रसंग वाचवण्याचं, आणि नेमकं हेच नवखे विसरतात. दोन प्रसंगांमध्ये नुसती रिकामी ओळ सोडली असेल तर तिथे आधी # टाका. मगच रिकाम्या ओळी काढायला फाइंड अँड रिप्लेसमधल्या ‘स्पेशल’ यादीतून ‘पॅराग्राफ मार्क’ दोनदा घेऊन त्याजागी एकदा ठेवा. क्रम उलटा झाला तर प्रसंग एकमेकांना चिकटतात आणि ते सुटे करायला अख्खी कादंबरी पुन्हा वाचावी लागते. टॅबही असेच काढा. पहिल्या ओळीचा इंडेंट स्टाइलमधून द्या.

प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग १’ द्या. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं नाव सॉफ्टवेअरला साधा मजकूरच वाटतं. हेडिंग असेल तर स्क्रिव्हनरमधलं ‘इम्पोर्ट अँड स्प्लिट’ प्रकरणं आपोआप वेगळी करतं.

साधा मजकूर म्हणून पेस्ट करण्याचा सल्ला कुणी देईल. तो मला पटत नाही, कारण त्यात तिरपी अक्षरं कायमची जातात. पात्राच्या मनातले विचार तुम्ही तिरप्या अक्षरांत लिहिले असतील तर ते कुठे होते हे नंतर शोधणं फार जिकिरीचं.

आधी एकच प्रकरण आणून बघा.