दुसऱ्या महायुद्धात मस्टँग हे लढाऊ विमान आल्यावर आधीच्या पी-४७ थंडरबोल्ट विमानाला काही काम उरलं होतं का?

उरलं होतं का? अहो, खरं काम तर तेव्हाच सुरू झालं!

आमचे साडू इकडे अमेरिकेत आले होते, तेव्हा त्यांना डेटनच्या हवाई दल संग्रहालयात नेलं. तिथे दोन्ही विमानं आहेत. साडूंनी मस्टँगसमोर धडाधड फोटो काढले आणि थंडरबोल्टकडे बघून म्हणाले, "हे पाण्याचं पिंप काय लढणार?" मग मी त्यांना वाकून पोट बघायला लावलं. इंजिन नाकात, उंचावरची विरळ हवा दाबून इंजिनाला पुरवणारा टर्बोसुपरचार्जर पार शेपटीकडे आणि दोघांना जोडणारे हवेचे जाडजूड पाइप पोटातून. म्हणून ते पोट सुटलेलं, आणि म्हणूनच २५,००० फुटांवरही दम टिकून. ऐकतोय कोण! त्यांचं एकच पालुपद, "बर्लिनपर्यंत कोण गेलं?"

गेलं मस्टँगच. १९४३ मध्ये बॉम्बरांना सोबत करणाऱ्या थंडरबोल्टला इंधनापायी जर्मनीच्या सीमेपाशी मागे फिरावं लागे. १४ ऑक्टोबरला जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट शहरावरच्या हल्ल्यात ६० अमेरिकी बॉम्बर गमावले, ते पुढे सोबत कुणी नव्हतं म्हणून.

पण १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये अमेरिकी हवाई दलाच्या जनरल क्वेसाडांनी रणगाड्यांत विमानांचे रेडिओ बसवले आणि बोलायला वैमानिकच बसवला. वर थंडरबोल्ट घिरट्या घालताहेत, खालून सांगितलं की आठ मशीनगनी आणि बॉम्ब घेऊन हजर. रेल्वे इंजिनं, ट्रक, तोफा, सगळ्याची दाणादाण. या कामात खालून गोळ्या खाव्याच लागतात. मस्टँगच्या रेडिएटरला एक गोळी लागली की पाणी गळून इंजिन बसलं. थंडरबोल्टचं इंजिन हवेवर थंड होणारं, ते मार खाऊनही चालायचं. जून १९४३ मध्ये अमेरिकी वैमानिक रॉबर्ट जॉन्सन २०० हून जास्त भोकं पडलेलं विमान घेऊन इंग्लंडला परतला. पाठलाग करणाऱ्या जर्मनाच्या गोळ्याच संपल्या!

ब्रह्मदेशात ब्रिटिश जनरल स्लिमच्या चौदाव्या सैन्यासाठी ब्रिटिश हवाई दलानेही हेच विमान वापरलं. त्या सैन्यात आपलेच जवान जास्त, हे साडूंना माहीतच नव्हतं.

हां, रणगाडे उडवल्याचे वैमानिकांचे आकडे बरेच फुगवलेले होते, ते जपूनच घ्या. आणि कमी उंचीवर हे विमान चढायला जड होतं.

तरी कुणी मस्टँगचं कौतुक सांगू लागलं तर १९५० चं कोरिया काढा. तिथे मस्टँगला हेच जमिनीवर मारा करायचं काम दिलं आणि खालच्या गोळीबारात ती पटापट पडली. साडू हे वाचणार, मला खात्री आहे. बर्लिन पुरे, आता कोरियावर बोला म्हणावं.