स्टॉल लावू की नको? ऑनलाइन धंदेवाल्यांची प्रश्नोत्तरे

मी कोथरूडमधून इन्स्टा आणि व्हॉट्सॲपवर पैठण्या विकते. फोटोखाली 'प्राइस प्लीज' खूप येतात, किंमत सांगितली की 'ओरिजिनल आहे ना?' आणि मग गायब. दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल घेऊ का? भाडं ऐकूनच घाम फुटलाय.

ताई, गायब होणाऱ्या बायकांचं काही चुकत नाहीये. सेमी (मशीनवरची) पैठणी आणि हातमागाची पैठणी मोबाइलच्या फोटोत सारखीच दिसते, आणि पदर हातात न घेता पंधरा-वीस हजार कोण पाठवणार, मी पण नाही पाठवणार.

स्टॉल सध्या राहू दे. पुण्यातल्या भीमथडीसारख्या जत्रेत नुसती गर्दी असते, तिथे कुणाशी पाच मिनिटं बोलायला मिळत नाही, आणि मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुळात बचत गटांसाठी आहे. त्यापेक्षा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये शनिवारी ३ ते ६ अशी एक दुपार ठेवा, ज्यांनी किंमत विचारून सोडून दिलं त्यांनाच मेसेज करा, पंधरा जणी आल्या तरी पुष्कळ. साड्या दहा-बाराच आणा पण शेजारी एक सेमी पण ठेवा, लपवून नाही, मुद्दाम. मग दोन्ही पदर उलटे करा. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, मशीनच्या साडीला मागे सुट्या धाग्यांचं जंजाळ असतं. हे त्यांचं त्यांना ओळखू दे, तुम्ही गप्प बसा (हे सगळ्यात अवघड आहे, माहितीये). मग एकेक सुटा धागा जाळून दाखवा, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मेणबत्ती पंख्याखाली लावू नका, मी लावलेली, ज्यांच्या घरी कार्यक्रम होता त्यांच्या टेबलक्लॉथला भोक पडलं आणि त्या अजून आठवण काढतात.

आणि साडीची जर (जरीची तार) 'टेस्टेड', म्हणजे चांदीऐवजी साध्या धातूची असेल तर कुणी विचारायच्या आत सांगून टाका की ही चांदीची नाही. तिथेच बाकीच्या गोष्टींवर पण विश्वास बसतो. सिल्क मार्कचं (शुद्ध रेशमाच्या खुणेचं) लेबल असेल तर ते कसं तपासायचं तेही दाखवा. त्या दुपारी दोनच साड्या गेल्या तरी नाराज होऊ नका, पुढच्या महिन्यात इन्स्टावर 'ओरिजिनल आहे ना?' कुणी विचारलं की त्या पंधरातलीच कुणीतरी खाली उत्तर देते का ते बघा.

आमची देवगडला हापूसची बाग आहे. गेल्या मोसमात ठाण्यात आंबा महोत्सवाला तीन दिवस बसलो, सगळ्या पेट्या संपल्या. पण नंतर वेबसाइटवर त्यातल्या एकाचीही ऑर्डर नाही. असं का?

दादा, लोक आंबा घेऊन गेले, तुम्ही तिथेच राहिलात. पेटीत तुमचं नाव, नंबर, आंबा कधी उतरवला आणि कधी खायला तयार होईल याची एक चिठ्ठी होती का? नसणार. २०१८ मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं खरं पण पेटीवर 'देवगड' छापायला कुणाच्या बापाचं काय जातं, त्यामुळे गिऱ्हाईक आता छापलेल्यावर विश्वास ठेवत नाही.

पुढच्या वेळी बाकी पेट्या विकायला आणि एक फक्त कापायला. चव द्याच, पण साक्याबद्दल पण बोला. बाहेरून सोन्यासारखा आंबा आणि कापल्यावर आत पांढरट स्पंज, हे हापूसमध्ये होतं आणि बाहेरून तुम्हालाही कळत नाही, हे मुंबई-ठाण्याच्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं फसवलं. तुम्हीच सांगा की साका निघाला तर फोटो टाका, पुढच्या पेटीत तेवढे आंबे जादा. एक वाक्य आहे, पण ते ऐकल्यावर माणूस आपणहून नंबर देतो. आणि थोडी आढी तिथेच मांडून ठेवा, घरी गवतात आंबा कसा पिकवायचा ते बघायला लोक थांबतात आणि कार्बाइडचा विषय आपोआप निघतो (त्याने फळ पिकवायला बंदी आहे, तरी वापरणारे आहेतच). चार दिवसांनी प्रत्येकाला एक मेसेज, 'आंबा तयार झाला का?' एवढाच, लगेच ऑर्डर मागायची नाही.

मी नाशिकमधून ऑनलाइन टॅक्स रिटर्न भरून देते, सीए नाहीये. टेबलावर मांडायला माझ्याकडे वस्तूच नाही, मग कार्यक्रम कसला करू?

जूनमधल्या एखाद्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये दोन तास बसा, आणि लोकांनी स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचं एआयएस (आयकर खात्याकडचं आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक) उघडायचं. त्यात बँकेचं व्याज, शेअरचे व्यवहार, डिव्हिडंड बरंच काही दिसतं, आणि 'अरे हे यांना कसं माहीत!' हा चेहरा दर दुसऱ्या माणसाचा होतो. तुम्ही फक्त काय वाचायचं ते सांगा. पासवर्ड टाकताना सरळ तोंड फिरवा, ओटीपी विचारू नका, कुणी आपणहून सांगायला लागलं तर थांबवा. लोकांना तुमचं ज्ञान नंतर आठवेल, तोंड फिरवलेलं आधी आठवेल. त्या दिवशी रिटर्न भरून द्यायचंच नाही, गर्दीत घाई होते आणि चूक झाली की ती अख्ख्या बिल्डिंगला कळते. (वाचकांमध्ये कुणी सीए असेल तर जाहिरातीबाबत आयसीएआयचे (सीएंच्या संस्थेचे) नियम आहेत, ते बघून मगच असलं काही.)

स्टॉलवर जुनं गिऱ्हाईक येऊन सगळ्यांसमोर भांडलं तर?

तर उत्तमच, बाकीचे कान देऊन ऐकतायत. बाजूला नेऊ नका, त्यांचे जुने मेसेज उघडा, चूक तुमची असेल तर तिथल्या तिथे यूपीआयने पैसे परत. तुमची नसेल तर बिल दाखवा, आवाज न चढवता.

मी ठाण्यातून परदेशात फराळ पाठवते, बरीचशी गिऱ्हाइकं न्यू जर्सीची. त्यांना प्रत्यक्ष भेटणार कशी? बीएमएमच्या (उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) अधिवेशनाला स्टॉल घ्यायचा का?

तिकीट, व्हिसा, स्टॉल, एवढ्यात तुमचा दोन दिवाळ्यांचा नफा जाईल. आणि एक सांगा, पहिली ऑर्डर कोण ठरवतं? मुलगा तिकडे पैसे भरतो पण 'यांच्याकडून मागव' हे इकडची आई सांगते, डोंबिवलीची नाहीतर मुलुंडची. मग तिला भेटा ना! सप्टेंबरात, ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी, स्वयंपाकघर दाखवायचा एक दिवस ठेवा, सात-आठ आयांना बोलवा, कुठलं तेल वापरता तो डबा समोर ठेवा, पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर दाखवा आणि चकली त्यांच्यासमोर तळा. त्या भाजणीला नावं ठेवतील, ठेवू देत, धणे कमी पडलेत म्हणाल्या तर तिथल्या तिथे वाढवून दुसरा घाणा काढा. दुसऱ्या घाण्याच्या चकल्या त्यांच्याच हातात देऊन एक फोटो काढा, तो न्यू जर्सीला त्याच पाठवतील.