व्हिडिओ गेममधल्या स्त्री-चित्रणावर टीका करणारे लोक गेमच्या विरोधात असतात का?

अजिबात नाही. माध्यम-समीक्षक अनिता सार्कीशियन यांच्या ‘ट्रोप्स व्हर्सेस विमेन इन व्हिडिओ गेम्स’ या, गेममधल्या स्त्रीपात्रांच्या ठरावीक साच्यांवरच्या यूट्यूब मालिकेचा २०१३ मधला पहिला भाग बघा. आवडीने खेळता खेळताही खटकणाऱ्या गोष्टींवर बोलता येतं, असं त्या सुरुवातीलाच सांगतात.

त्यातलं एक उदाहरण मला फार लागलं. रेअर ही ब्रिटिश कंपनी ‘डायनोसॉर प्लॅनेट’ बनवत होती. त्यात क्रिस्टल ही दोन मुख्य पात्रांपैकी एक, स्वतः लढणारी. पुढे तोच गेम २००२ मध्ये ‘स्टार फॉक्स अ‍ॅडव्हेंचर्स’ म्हणून आला, तेव्हा क्रिस्टल बराच काळ स्फटिकात कैद आणि तिचीच काठी घेऊन गेमचा नायक फॉक्स लढतोय! नायिकेचं बक्षीस कसं होतं, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

त्यांच्या काही उदाहरणांवर वाद जरूर घाला, संदर्भ अपुरा वाटला तर तसं सांगा. पण त्यांना बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीतलं त्यांचं व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झालं, कारण तिथल्या कायद्यानुसार परवानाधारकांना सभागृहात बंदूक आणण्यापासून रोखता येत नव्हतं. याला मतभेद म्हणायला मी तयार नाही.